सुपीरियर वनात तळ्याकाठी तंबूत राहताना : सोयी नसलेल्या जागेची तयारी

उत्तररान (धागाकर्ता)

मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाला, सुपीरियर सरोवर आणि कॅनडाची सीमा यांच्या मधल्या पट्ट्यात, सुपीरियर राष्ट्रीय वन आहे. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना १९०९ साली ते राखीव झाले. गेली काही वर्षे आम्ही दर उन्हाळ्यात तेथे तीन-चार रात्री तंबूत काढतो. परतल्यावर ओळखीची मंडळी हटकून दोन प्रश्न विचारतात : जागा कशी मिळते, आणि अस्वलांचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तो शेकोटी कशी विझवायची हा आहे, आणि तो मला आजवर कोणीही विचारलेला नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

आधी जागेविषयी. या वनात वनविभागाच्या काही कॅम्पग्राउंडना 'रस्टिक' म्हणतात. तेथे प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल आणि लोखंडी जाळीची चूल असते, आणि थोड्या अंतरावर एक साधा संडास असतो. याखेरीज काहीही नसते. वीज नाही, पिण्याचे पाणी नाही, कचऱ्याचे पिंप नाही, कार्यालय नाही. शुल्क नाही आणि आरक्षणही नाही. जो आधी पोहोचेल त्याची जागा. कविशिवी तळ्याकाठचे कॅम्पग्राउंड हे याचे चांगले उदाहरण आहे. टॉफ्टे गावातून सॉबिल ट्रेल नावाच्या रस्त्याने आत गेल्यावर पुढे खडीच्या रस्त्याने बराच वेळ जावे लागते, आणि रस्ता संपतो तेथे तळे सुरू होते. जागा मोजक्याच आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलात तर सर्व भरलेल्या असण्याची शक्यता मोठी, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि दुपारच्या आत पोहोचावे, आणि दुसरी एखादी जागा नकाशावर आधीच हेरून ठेवावी, कारण त्या रस्त्यावर मोबाइल चालेलच याची खात्री नसते.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास तंबूची पिशवी उघडू नये, असे माझे मत आहे. आधी मान वर करून झाडे पाहावीत. वाळून उभे असलेले झाड, दुसऱ्या झाडावर रेललेले खोड, अर्धवट मोडून लटकलेली फांदी यांपैकी काहीही तंबूच्या पल्ल्यात असेल तर जागा बदलावी. या वनात ही काळजी अधिक घ्यावी लागते. ४ जुलै १९९९ रोजी येथे आलेल्या वादळात सरळ रेषेत वाहणाऱ्या वाऱ्याने काही तासांत लाखो एकरांवरची झाडे आडवी केली होती. त्यानंतर जमीन पाहावी. येथे हिमनद्यांनी खरवडून काढलेल्या कातळावर मातीचा जेमतेम वीतभर थर असतो. पाणी खाली मुरत नाही, ते खोलगट भागाकडे धावते. आमच्या पहिल्या मुक्कामात आम्ही गवताची मऊ, सपाट जागा पाहून तंबू ठोकला, आणि पहाटे पावसात अंथरुणाखालून पाणी वाहू लागले. सपाट वाटणारी ती जागा बशीच्या आकाराची होती. खुंट्याही तेथे पुरेशा आत जात नाहीत. तंबूचे ताण दगडांना किंवा मुळांना बांधता यावेत म्हणून जादा दोर नेलेला बरा.

आता शेकोटी. तिसऱ्या वर्षी निघण्याच्या सकाळी मी शेकोटीवर एक बादली पाणी ओतले. चर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला, राख काळी पडली, आणि मी सामान गाडीत भरायला गेलो. शेजारच्या जागेवर एक वयस्कर गृहस्थ एकटेच उतरले होते. ते आमच्या चुलीपाशी येऊन उकिडवे बसले, हातमोजा काढला, आणि तळहात नव्हे तर हाताची मागची बाजू राखेवर चार बोटांच्या अंतरावर धरली. मग एका काटकीने राख उकरली. वरचा काळा, ओला थर पापुद्र्यासारखा निघाला, त्याखाली भुरभुरीत कोरडी राख होती, आणि तिच्या खाली अक्रोडाएवढा निखारा लालभडक होता. ते काही बोलले नाहीत. माझ्या हातातली बादली घेऊन तळ्यावर तीनदा गेले, प्रत्येक वेळी थोडे ओतून काटकीने लगदा कालवला, चुलीच्या कडेचे दगड उलटे करून त्यांच्या खालच्या बाजूवरही पाणी घातले, आणि शेवटी त्या लगद्यात उघडा हात घालून मला तसेच करण्यास खुणेने सांगितले. लगदा तळ्याच्या पाण्याइतकाच गार होता.

येथली माती म्हणजे बऱ्याच अंशी अर्धवट कुजलेली पाने, सूचिपर्णी झाडांच्या सुया आणि मुळांचे जाळे असते. हा थर स्वतःच जळतो. निखाऱ्याची धग त्यात उतरली तर आग ज्वाला न दिसता जमिनीखालून, मुळांच्या वाटेने, सावकाश सरकत राहते आणि वारा सुटला की काही अंतरावर वर येते. मे २००७ मध्ये गनफ्लिंट ट्रेल या रस्त्याच्या परिसरात हॅम लेकची आग लागली, आणि तिचे मूळ छावणीतल्या एका शेकोटीपर्यंत जाऊन पोहोचले. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ७५,००० एकर जंगल जळाले, आणि अनेक घरे व इमारती गेल्या. ज्या जागेवर राखणदार नाही, त्या जागेवर शेवटचा निघणारा माणूसच राखणदार असतो. आपल्या सर्वांचे अनुभव आणि मतभेद येथे मांडावेत, ही विनंती.

नदीकाठ

अत्यंत उपयुक्त लेखन. आम्ही जूनच्या अखेरीस प्रथमच जाण्याचा विचार करत आहोत. बरोबर सहा आणि नऊ वर्षांची मुले असतील. आजवर आम्ही वीज आणि न्हाणीघरे असलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच राहिलो आहोत. पिण्याचे पाणी नाही म्हणजे सर्व पाणी घरून न्यावे लागते का? मुलांना तळ्याचे पाणी देणे सुरक्षित आहे का? आणि डासांविषयी वाचून पत्नीने जवळजवळ बेत रद्द केला आहे, त्यावरही कोणी लिहावे.

वल्हे

नदीकाठ, पाण्याचे उत्तर मी देतो, कारण मी कनूने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीने, वनात आत जातो आणि तेथे घरचे पाणी नेणे शक्यच नसते.

तळे कितीही नितळ दिसले तरी पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. बीव्हर आणि इतर प्राण्यांच्या विष्ठेतून जिआर्डिया नावाचा परजीवी पाण्यात येतो. त्याचा त्रास एक-दोन आठवड्यांनी, घरी परतल्यावर सुरू होतो, त्यामुळे अनेकांना त्याचा संबंध तळ्याशी जोडताच येत नाही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर पूर्ण एक मिनिट उकळत ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. गाळणी वापरणार असाल तर ०.२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांची घ्यावी, आणि थंडीच्या रात्री ती अंथरुणात घेऊन झोपावे, कारण आतले पाणी गोठले तर छिद्रे फाटतात आणि बाहेरून ते कळत नाही. काठावरचे पाणी घेऊ नये. होडी असेल तर आत जाऊन, कोपरापर्यंत हात बुडवून भरावे. पाण्यावर हिरव्या रंगाची साय किंवा तवंग दिसला तर ते तळे पिण्यासाठी सोडून द्यावे. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष उकळूनही जात नाही आणि साध्या गाळणीतही अडकत नाही.

आपण गाडीने रस्टिक जागेवर जाणार आहात, तेव्हा मुलांसाठी पहिल्या दोन दिवसांचे पाणी घरूनच न्यावे. मोठ्यांनी तळ्याचे पाणी उकळण्याची सवय करून घ्यावी.

मला मात्र पाणी पिण्यापेक्षा पाण्यात पडण्याची भीती अधिक वाटते. उत्तरेकडच्या तळ्यांवरचा बर्फ एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी फुटतो, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे वरवर ऊन लागत असले तरी पाणी बर्फासारखे असते. थंड पाण्यात पडलेल्या माणसाविषयी १-१०-१ असा एक नियम शिकवला जातो : पहिले एक मिनिट श्वास आवरण्यासाठी, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात तोवर बाहेर पडण्यासाठी, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास. पहिल्याच मिनिटात अनावर धाप लागून तोंडात पाणी जाते आणि पट्टीचे पोहणारेही बुडतात. त्या मिनिटात अंगावर लाइफ जॅकेट असणे आणि होडीत पायाशी पडलेले असणे यांत जीवनमरणाचे अंतर आहे. मुलांना तर काठावर खेळतानाही ते घालून ठेवावे. कातळावर पाण्याच्या पातळीला जो काळपट पट्टा दिसतो, तो ओल्या साबणाइतका निसरडा असतो.

कंदील

डासांविषयी मी लिहितो, कारण या एका कारणासाठी लोकांनी बेत रद्द करावा हे मला पटत नाही. त्रास आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याचे वेळापत्रक ठरलेले असते.

मेच्या उत्तरार्धापासून जूनमध्ये काळ्या माश्या असतात. त्या वाहत्या पाण्यात वाढतात, दिवसा चावतात, आणि कानामागे, केसांच्या कडेला व मनगटाच्या पट्ट्याखाली शिरतात. डास जून-जुलैमध्ये सर्वाधिक असतात, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि संध्याकाळी व पहाटे येतात. ऑगस्टच्या मध्यानंतर दोन्ही ओसरतात, आणि तोच काळ लहान मुलांसह जाण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. जूनच्या अखेरीसच जायचे असेल तर तळ्यात घुसलेल्या, वारा लागणाऱ्या टोकावरची जागा घ्यावी. झाडीत दडलेली, निवाऱ्याची जागा त्या दिवसांत असह्य होते. फिकट रंगाचे सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि डोक्यावरून घालायची जाळी एवढ्याने निम्मे काम होते. उघड्या त्वचेसाठी २० ते ३० टक्के डीट (डास पळवणारे रसायन) असलेले औषध पुरते. मुलांना ते मोठ्यांनी लावावे. त्यांच्या तळहातांना लावू नये, कारण मुले डोळे चोळतात.

कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारणार असाल तर ते घरीच, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी फवारून पूर्ण वाळू द्यावे. तळ्याकाठी ते मुळीच फवारू नये. माशांसाठी आणि पाण्यातल्या किड्यांसाठी ते जहाल विष आहे.

गोचिडीकडे मात्र दुर्लक्ष नको. काळ्या पायांची गोचीड लाइमचा आजार पसरवते आणि तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते. जंतू शरीरात जाण्यासाठी ती सहसा २४ तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते, म्हणून रोज संध्याकाळी तंबूत शिरण्यापूर्वी मुलांच्या काखा, जांघा, गुडघ्यांमागचा भाग आणि केस तपासावेत. सापडली तर टोकदार चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावी. पिळू नये, जाळू नये, तेल लावू नये.

भूर्जपत्र

कंदील यांचे तळ्यातल्या माशांविषयीचे वाक्य वाचून बरे वाटले, कारण तळ्यात काय जाते याकडे छावणीतले बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. मी दर वर्षी कोणाला तरी काठावर बसून भांडी घासताना पाहतो, आणि विचारले की उत्तर ठरलेले असते : "आमचा साबण निसर्गात विरघळणारा आहे." तो साबण मातीतल्या जिवाणूंनी विघटित व्हावा अशा हिशेबाने केलेला असतो. पाण्यात त्याचे विघटन नीट होत नाही. भांडी आणि अंग दोन्ही काठापासून किमान २०० फुटांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या सत्तर-ऐंशी पावलांवर, पाणी वाहून नेऊन धुवावीत. खरकटे गाळून कचऱ्याच्या पिशवीत घ्यावे आणि गाळलेले पाणी मातीवर पसरून ओतावे. ही तळी फार अशक्त आहेत. कठीण, जुन्या कातळातल्या तळ्यांत क्षार आणि पोषक द्रव्ये अगदी कमी असतात, म्हणून तर पाणी इतके नितळ दिसते. त्यात बाहेरून थोडी जरी भर पडली तरी शेवाळ वाढायला निमित्त मिळते.

दुसरी गोष्ट बर्चच्या सालीची. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचाच भाऊबंद, आणि माझे येथले नाव त्यावरूनच घेतलेले आहे. या सालीत तेलकट द्रव्य असल्यामुळे ती ओली असली तरी पेटते, आणि त्यामुळेच छावण्यांच्या आसपासची झाडे हात पोहोचेल त्या उंचीपर्यंत सोललेली दिसतात. बाहेरची पांढरी साल काढली की तेथे काळा, खडबडीत पट्टा राहतो. पांढरी साल पुन्हा येत नाही. काढताना आतल्या जिवंत सालीला जखम होऊन ती खोडाभोवती पूर्ण फिरली तर झाड मरते. जमिनीवर पडलेल्या मेलेल्या बर्चची साल हवी तेवढी मिळते. पावसात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या खालच्या, वाळलेल्या बारीक काटक्याही वरच्या फांद्यांच्या आडोशाने कोरड्या राहतात, आणि पडलेले मनगटाएवढे जाड लाकूड फोडले की आत कोरडेच असते.

सरपण दुसऱ्या भागातून आणू नये, हेही येथे सांगायला हवे. ॲश झाडे पोखरणारा हिरवा भुंगेरा सरपणातूनच गावोगाव पसरला आहे.

वल्हे

भूर्जपत्र यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण २०० फुटांचा आग्रह प्रत्येक जागेवर पाळता येतो असे नाही. बाउंड्री वॉटर्स या तळ्यांच्या संरक्षित भागातल्या कितीतरी छावण्या बेटांवर किंवा अरुंद टोकांवर आहेत. एका काठापासून दूर जावे तर दुसऱ्या काठाच्या जवळ येतो. तेथे मी साबण वापरतच नाही. गरम पाणी आणि मूठभर वाळूने पातेले स्वच्छ निघते.

भूर्जपत्र

हा उपाय माझ्या नियमापेक्षा चांगला आहे. साबणच नेऊ नये, असे मी यापुढे सांगेन.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आता अस्वलांविषयी. धागाकर्त्यांनी तो प्रश्न दुय्यम मानला आहे, पण मुलांमुळे माझ्या मनात तो पहिलाच आहे. तसेच बाउंड्री वॉटर्स आणि ही रस्टिक कॅम्पग्राउंड यांत नेमका फरक काय?

उत्तररान (धागाकर्ता)

आपली काळजी मी कमी लेखली असे वाटले असेल तर क्षमस्व. या वनात काळी अस्वले आहेत, ग्रिझली नावाची मोठी तपकिरी अस्वले नाहीत. काळे अस्वल माणसापासून सहसा दूर राहते. त्याला हवे असते ते आपले अन्न. एकदा छावणीत अन्न मिळाले की ते पुन्हा पुन्हा येते, आणि त्या सवयीची किंमत बहुधा अस्वलालाच जीव देऊन मोजावी लागते. म्हणून अन्न, टूथपेस्ट, साबण, कचरा, रिकामी पातेली, म्हणजे ज्याला वास आहे ते सर्व, रात्री गाडीत काचा लावून व दार कुलूपबंद करून ठेवावे. तंबूत बिस्किटाचा चुराही नको. मुलांच्या खिशांत हमखास काहीतरी राहते, तेव्हा झोपण्यापूर्वी खिसे तपासावेत. अस्वल समोर आलेच तर धावू नये. मुलांना जवळ घ्यावे, एकत्र उभे राहून मोठा आवाज करावा, भांडी वाजवावीत, आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी.

बाउंड्री वॉटर्स हा याच वनाचा, कॅनडाच्या सीमेलगतचा भाग आहे. त्याचे क्षेत्र दहा लाख एकरांहून अधिक आहे आणि त्यात हजाराहून अधिक तळी आहेत. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने आणि पुढे १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. तेथील छावण्यांपर्यंत गाडी जात नाही. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्री राहण्यासाठी प्रवेशद्वारानुसार ठरावीक संख्येने परवाने दिले जातात. ते जानेवारीच्या अखेरीस खुले होतात आणि जुलै-ऑगस्टचे लोकप्रिय दिवस लवकर संपतात. आरक्षणाचे आणि प्रत्येक प्रौढामागे असे वेगवेगळे शुल्क असते. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार होड्या चालतात. अन्न किंवा पेये पत्र्याच्या सीलबंद डब्यांत वा काचेच्या बाटल्यांत नेता येत नाहीत. पहिल्या वेळी मुलांसह रस्टिक जागेवर तंबू ठोकून, दिवसा कनूने आत एखादी फेरी मारून संध्याकाळी परत येणे मी सुचवेन. दिवसाच्या फेरीसाठीही परवाना लागतो. होडीला मोटर नसेल तर तो प्रवेशद्वारापाशी स्वतः भरून घ्यायचा असतो आणि त्याला शुल्क नाही.

वल्हे

आत राहणाऱ्यांसाठी अन्नाविषयी एक पुरवणी जोडतो. तेथे वनविभागाच्या आदेशानुसार अन्न एकतर जमिनीपासून किमान १२ फूट वर आणि खोडापासून किमान ६ फूट दूर टांगावे लागते, किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या मान्यताप्राप्त डब्यात ठेवावे लागते. कागदावर पहिला मार्ग सोपा दिसतो. प्रत्यक्षात स्प्रूस आणि बाल्सम या झाडांच्या फांद्या आखूड, खाली झुकलेल्या आणि कमकुवत असतात. खोडापासून सहा फुटांवर भार पेलेल अशी फांदी शोधण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी अंधारल्या आहेत. एकदा दोर फेकता फेकता बॅटरी संपली आणि पिशवी अखेर छातीएवढ्या उंचीवर लोंबकळत राहिली. त्या रात्री अस्वल आले नाही, हे नशीब. तेव्हापासून मी डबाच नेतो. सर्वच डबे मान्यताप्राप्त नसतात, हे विकत घेण्यापूर्वी तपासावे.

अंतराचा अंदाजही आधी बांधावा. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे कनू खांद्यावर घेऊन जायच्या वाटेला पोर्टेज म्हणतात आणि तिची लांबी नकाशावर रॉड या जुन्या मापात दिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूची लांबी. ३२० रॉडचा एक मैल. ऐंशी रॉड हे पाव मैल झाले, पण सामान दोन खेपांत नेले तर तीच वाट तीनदा चालावी लागते.

टिटवी

या धाग्यात लून पक्ष्याचा उल्लेख अजून झालेला नाही, आणि तळ्याकाठी राहायला जाणाऱ्यांनी तो समजून घ्यायला हवा. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. पहिल्या रात्री त्याचा आवाज ऐकून अनेक जण दचकून उठतात. दीर्घ, चढत जाणारा विलाप हा एकमेकांना साद घालण्यासाठी असतो. थरथरत्या हास्यासारखा आवाज मात्र धास्तीचा असतो. होडी किंवा गरुड जवळ आला की तो ऐकू येतो. तिसरा, गिरक्या घेत जाणारा आवाज फक्त नर काढतो, आपल्या हद्दीच्या रक्षणासाठी. वारा पडलेल्या रात्री दोन तळ्यांवरचे लून एकमेकांना उत्तरे देतात, तेव्हा आवाज कोठून येतो हे अंधारात सांगता येत नाही.

लूनचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात. त्यामुळे तो उत्तम बुडी मारतो, पण जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, आणि म्हणून घरटे अगदी पाण्याच्या कडेला असते. जूनमध्ये बेटांच्या काठाकाठाने होडी नेऊ नये. लून पाण्यात उभा राहून छाती पुढे काढत पंख फडफडवू लागला तर तो खेळत नसतो. आपण त्याच्या घरट्याच्या किंवा पिल्लांच्या फार जवळ आलेलो असतो, आणि त्याच क्षणी मागे फिरावे. मासेमारी करणाऱ्यांनी शिशाची वजने नेऊ नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. लून पोटात दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो, त्यांबरोबर शिशाचा एक तुकडा गेला तरी तो विषबाधेने मरतो.

मुलांना दाखवण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे आकाश. २०२० पासून बाउंड्री वॉटर्सला आंतरराष्ट्रीय अंधाराकाश अभयारण्याचा दर्जा आहे. जूनच्या अखेरीस अंधार पडायला रात्रीचे दहा वाजून जातात, त्यामुळे मुलांना दुपारी झोपवावे लागेल.

कंदील

नदीकाठ, विजांविषयी एक ओळ राहिली होती. गडगडाट ऐकू आला की त्याच क्षणी पाण्यातून बाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे पुन्हा उतरू नये. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही, गाडी देते. हा रस्टिक जागेचा मोठा फायदा आहे.

नदीकाठ

आम्ही काल परतलो. आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, तेव्हा काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

कंदील यांचा सल्ला मानून बेत ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यावर ढकलला आणि मंगळवारी दुपारी पोहोचलो. तीन जागा मोकळ्या होत्या. पहिल्या जागेवर एक वाळलेले ॲस्पेनचे झाड टेबलाच्या बाजूला कललेले होते. मोठ्या मुलाने ते आमच्या आधी पाहिले. दुसरी घेतली.

शेकोटी पेटवलीच नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी केली तेव्हा कोरड्या हवेमुळे शेकोट्यांवर बंदी आल्याचे कळले. मुले हिरमुसली, आणि खरे सांगायचे तर मीही. गॅसच्या छोट्या शेगडीवर स्वयंपाक केला. चुलीची लोखंडी जाळी मात्र थंड नव्हती. आमच्या आधी त्या जागेवर कोण होते हे कळायला मार्ग नाही, पण संध्याकाळी धाकटीने जाळीला हात लावला आणि "बाबा, ही कोमट आहे" म्हणाली. मी उन्हामुळे असेल म्हणालो, आणि मग धाग्यातला अक्रोडाएवढा निखारा आठवला. काटकीने उकरले तर तळाशी राख गरम होती आणि एका जाड ओंडक्याचे जळके टोक आतून धुमसत होते. आम्ही चौघांनी मिळून तळ्यावरून सात बादल्या आणल्या. सहाव्या बादलीपर्यंत वाफ येत होती.

त्यानंतर शेकोटी नसल्यामुळे आम्ही काळोख पडेपर्यंत काठावरच्या कातळावर बसलो. लून दोन होते, आणि त्यांच्या मागे एक राखाडी, जवळजवळ पूर्ण वाढलेले पिल्लू होते. ते बुडी मारायचे आणि प्रत्येक वेळी भलतीकडेच वर यायचे. मुलगी ते कोठे वर येईल ते बोटाने दाखवत होती, आणि चौथ्या वेळी तिचे बोट बरोबर होते.

उत्तररान (धागाकर्ता)

ती चूल आपण विझवलीत, त्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. बंदी असताना कोणी शेकोटी पेटवून अर्धवट सोडून गेले असेल तर त्या जागेचे नाव, क्रमांक आणि तारीख वनविभागाच्या स्थानिक कार्यालयाला अवश्य कळवावी. आपण ज्या जागेवर होता तिचा क्रमांक लक्षात असेल तर मला निरोप पाठवावा; आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडेच जात आहोत. कळवण्याचे काम अजून झाले नसेल तर ते मी करीन, आणि चुलीभोवतीची माती पुन्हा एकदा उकरून पाहीन.